ग्राफीनमधला लेझर करंट शून्यच येतोय, मदत हवी आहे

राकसकोप: एमएस्सीचं प्रोजेक्ट आहे, परवा गाईडना दाखवायचंय. पायथॉनमध्ये ग्राफीनवर (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) लेझर पल्स सोडालोय, पल्स गेल्यावर करंट उरायला पाहिजे की, पण दरवेळी शून्य. फील्ड वाढवलं तरी तेच, कोड सगळा तपासला. लवकर सांगा कोणीतरी.

खानापूरची_सुलू: पल्स किती लांब? सीईपी (पल्सच्या शिखरापासून आतल्या लाटेचं शिखर किती अंश सरकलंय ते) किती? हे न सांगता आम्ही काय सांगणार रे?

राकसकोप: तरंगलांबी 800 नॅनोमीटर, पल्स 30 फेम्टोसेकंद (एक म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश). सीईपी 0.

निपाणी_नाका: 30 फार झालं. 800 ला एक सायकल 2.7 फेम्टोसेकंदांची, म्हणजे तुझ्या पल्समध्ये अकराएक सायकली, एका बाजूचा धक्का दुसऱ्या बाजूचा खाऊन टाकतो. त्यापेक्षा दुप्पट फ्रीक्वेन्सीचा दुसरा बीम मिसळ, लांब पल्सलाही करंट मिळतो, आम्ही सेमीकंडक्टरवर हेच करायचो.

खानापूरची_सुलू: दोन रंगांचं त्यानं विचारलंच नाही. जर्मनीतल्या एरलांगेनच्या लोकांनी 2017 ला एकाच रंगाच्या 5-6 फेम्टोसेकंदांच्या पल्सनं ग्राफीनमध्ये करंट काढलाय. आणि सीईपी 0 नको.

निपाणी_नाका: कसं काय? 0 लाच फील्डचं शिखर सगळ्यात उंच, करंटही तिथंच जास्त.

खानापूरची_सुलू: तो व्हर्च्युअल वाहकांचा हो, म्हणजे प्रकाशानं तात्पुरते हललेल्या इलेक्ट्रॉनांचा, पल्स असेपर्यंतच. सोन्याच्या इलेक्ट्रोडशी जोड असेल तरच हाती लागतो, 2022 ला व्हर्च्युअल आणि खरे असे दोन्ही वेगळे काढून त्यावर लॉजिक गेटची कल्पनाही दाखवलीय. मागे उरणारे खरे वाहक 90 अंशाला जास्त. 0 ला फील्ड शिखराच्या अलीकडे-पलीकडे सारखंच, त्यामुळे डावीकडे आणि उजवीकडे पळणारे इलेक्ट्रॉन सारखेच उरतात, बेरीज शून्य.

उद्यमबाग: आमच्या वर्कशॉपात फायबर लेझर आहे, शीट एकदम स्वच्छ कापतो. काच धुरकट झाली की पॉवर पडते, आधी ती पुसून बघा.

खानापूरची_सुलू: काका, याचा लेझर कॉम्प्युटरातला आहे.

राकसकोप: 6 फेम्टोसेकंद आणि 90 अंश केलं, करंट आला!! पण फील्ड 2 व्होल्ट प्रति नॅनोमीटरच्या आसपास गेलं की उलटा वाहतोय. कोडमध्ये कुठं चिन्ह चुकलंय काय?

खानापूरची_सुलू: नाही, बरोबर आहे. एका सायकलीत इलेक्ट्रॉन डिराक बिंदूजवळून (जिथं ग्राफीनचे दोन ऊर्जापट्टे एकमेकांना टेकतात) दोनदा जातो, दोन वाटांचं इंटरफेरन्स होतं, लांडाऊ-झेनर-स्ट्युकेलबर्ग म्हणतात त्याला. प्रयोगातही दिशा अशीच फिरली. फक्त के-ग्रिड (इलेक्ट्रॉनच्या संवेगांची जाळी) बारीक कर आणि व्हेक्टर पोटेन्शियल (फील्डची वेळेवरची बेरीज) शेवटी शून्यावर येतंय ना बघ, नाहीतर खोटा करंट दिसेल.

निपाणी_नाका: दोन रंगांचंही एकदा चालवून ठेव, गाईड विचारणारच.