अनोळखी आरोपी, एकच साक्षीदार: तेवढ्यावर शिक्षा व्हावी का?

पायवाट
जुलै १९८४, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधलं बर्लिंग्टन. जेनिफर थॉम्पसन या २२ वर्षांच्या विद्यार्थिनीवर घरात घुसून बलात्कार झाला. त्याही अवस्थेत ती हल्लेखोराचा चेहरा निरखत होती. जगले तर याला ओळखायचंच, या निश्चयाने. पोलिसांनी सहा फोटो मांडले, तिने रोनाल्ड कॉटनचा उचलला. पुढे ओळख परेडमध्ये ती चौथा की पाचवा यात घुटमळली आणि पाचव्याकडे बोट दाखवलं. तो कॉटनच होता. फोटोंत आणि परेडमध्ये, दोन्हीकडे असलेला तो एकटाच! त्यावर पोलिसांनी तिला सांगितलं, फोटोतही तू यालाच ओळखलं होतंस.

कोर्टात ती उभी राहिली तेव्हा मनात तीळभर शंका नव्हती. १९८७ च्या फेरखटल्यात खरा गुन्हेगार बॉबी पूल तिच्यासमोर आणला, तर म्हणाली, याला मी कधी पाहिलेलंच नाही. १९९५ मध्ये डीएनए चाचणीमुळे कॉटन सुटला. साडेदहा वर्षं तुरुंगात गेली.

ती खोटं बोलत नव्हती, हेच मला छळतं. आधी घुटमळणं होतं, खात्री मागाहून आली, आणि कोर्टाला दिसली ती मागाहून आलेली खात्री. अनोळखी माणसाला केवळ एका साक्षीदाराच्या ओळखीवर शिक्षा होऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

जुनी सनद
साफ असहमत. सत्र न्यायालयात सरकारी पक्षाच्या बाजूने उभं राहण्यात माझं आयुष्य गेलं. मी पाहिलेल्या बहुतेक खटल्यांत फिर्यादी आणि आरोपी एकाच गावचे, बांधाला बांध लागलेले. तिथे कसली चूक होणार? आणि आपल्याकडे परेड पोलीस घेत नाहीत. नायब तहसीलदार घेतात, एका आरोपीमागे निदान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं, रांगेत असतात, पोलीस खोलीबाहेर. आमचं खरं दुखणं साक्षीदार फितूर होणं. धमक्या सोसून एखादी बाई शेवटपर्यंत उभी राहते, आणि तिला आपण सांगायचं की तुझ्या आठवणीचा भरवसा नाही?

पायवाट
गावातल्या ओळखीचं मान्य, म्हणूनच 'अनोळखी' लिहिलं. पण आपल्या कायद्यात परेड हा मूळ पुरावा नाही, मूळ पुरावा कोर्टातली ओळख. ती घटनेनंतर कैक वर्षांनी होते आणि आरोपी समोरच्या पिंजऱ्यात उभा असतो. बोट कुणाकडे दाखवायचं हे तिथे कुणालाही कळेल.

कृष्णाकाठ
मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना अपघाताची फिल्म दाखवली. गाड्या 'जोरात आदळल्या' तेव्हा वेग किती होता, असं विचारलं की सरासरी उत्तर ताशी ४० मैलांच्या थोडं वर, नुसत्या 'टेकल्या' म्हटलं की ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. प्रश्नातला एक शब्द आठवणीत जाऊन बसतो.

जुनी सनद
वर्गात फिल्म बघणं आणि मानेवर सुरा असणं एक नव्हे. शिवाय जॉन विक्स्टेड आणि गॅरी वेल्स यांनी २०१७ मध्ये मांडलं की परेड नीट घेतली, तर पहिल्याच वेळी पूर्ण खात्रीने केलेली ओळख बरीच विश्वासार्ह असते. मग पुरावाच का बाद करायचा?

पायवाट
त्यांचा भर 'पहिल्याच वेळी' यावर आहे, काका. ती खात्री त्याच क्षणी साक्षीदाराच्या शब्दांत लिहून घेतली, तर माझा अर्धा विरोध मावळेल.

रानजाई
माझं मंगळसूत्र ओढलं तेव्हा त्याच्या हातात कोयता होता. कोयत्याची मूठ, तिला गुंडाळलेली निळी चिंधी, सगळं लख्ख आठवतं. चेहरा नाही. परेडला बोलावलं दोन महिन्यांनी. एकजण 'तसाच' वाटला, पण हात उचलवेना. ओळखता येत नाही, असं मी सांगितलं. बाहेर एक हवालदार म्हणाले, "ताई, तुमच्यामुळे सुटला." अजून रात्री तेच डोक्यात घोळतं.

जुनी सनद
ताई, तुम्ही केलंत ते योग्यच केलंत. हवालदाराने तसं बोलायला नको होतं. पायवाट, तुमचा नियम मला अजूनही मान्य नाही, त्याने कित्येक खरे गुन्हेगार सुटतील. पण मी हाताळलेल्या परेडच्या टिपणांत 'साक्षीदाराने ओळखले' एवढंच असायचं. किती वेळ लागला, आधी कुणापाशी थांबला, हे नसायचं. आणि मीही कधी विचारलं नाही.