‘टेम्पे’ की ‘तेंपे’, आणि त्याला ‘आंबवलेले सोयाबीन’ म्हणावे का?

प्रश्न : इंडोनेशियातील ‘टेम्पे’ या पदार्थाविषयी मराठीत लिहीत आहे. कुठे त्याला ‘आंबवलेले सोयाबीन’, तर कुठे ‘सोया पनीर’ म्हटलेले आढळते. कोणता शब्द घ्यावा?

उत्तर : ‘सोया पनीर’ मुळीच घेऊ नये, कारण ते टोफूचे नाव आहे. टोफू सोयाबीनच्या दुधापासून करतात, तर या पदार्थात दाण्याची डाळ शाबूत राहते.

‘आंबवलेले’ हा शब्द चूक नाही, पण तो वाचकाच्या मनात इडलीचे पीठ आणि त्याचा आंबूस वास उभा करतो. जावा बेटावर सोयाबीन भिजत घालतात तेव्हा पाण्याला थोडा आंबूसपणा येतो खरा. मात्र मुख्य काम त्यानंतर सुरू होते. साले काढून शिजवलेली डाळ निथळून कोरडी करतात, ती कोमट झाली की रायझोपस जातीच्या बुरशीचे विरजण लावतात आणि केळीच्या पानांत बांधून एक-दोन दिवस उबेला ठेवतात. पान उघडले की आत पांढऱ्या तंतूंनी विणलेली लादी दिसते, आणि तिला अळंब्यांसारखा वास असतो. सुरीने पातळ काप काढले तरी दाणे सुटे होत नाहीत. म्हणून मला ‘बुरशीचे विरजण लावून घट्ट केलेले सोयाबीन’ हे वर्णन अधिक नेमके वाटते. या विरजणाला तिकडे ‘रागी’ म्हणतात. तो शब्द जसाच्या तसा वापरला तर आपल्याकडे नाचणीचा घोटाळा होईल.

नाव मात्र मूळचेच ठेवावे, आणि ते ‘तेंपे’ असे लिहावे. जावानीज भाषेत आपल्यासारखाच ‘त’ आणि ‘ट’ असा भेद आहे, आणि या शब्दात ‘त’ आहे. आपल्याकडचा ‘ट’ इंग्रजीमार्फत आला. केळे-केळ्याचे, तसे तेंपे-तेंप्याचे, असा तो मराठीत सहज चालतो.

प्रश्न : याला ‘गरिबांचे अन्न’ म्हणणे योग्य होईल का?

उत्तर : तेवढेच म्हणणे अन्यायाचे होईल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुराकर्ताच्या राजदरबारात रचलेल्या ‘सेरात चेंटिनी’ या काव्यग्रंथातही तेंप्याचा उल्लेख आहे. पुढे स्वस्त आणि मऊ म्हणून त्याचे नाव हिणवण्यासाठी वापरले गेले. आपण ‘तेंपे राष्ट्र’, म्हणजे मऊ, लेचेपेचे राष्ट्र होऊ नये, असे खुद्द इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो म्हणत. हा अर्थ तळटीपेत अवश्य द्यावा, कारण त्याशिवाय तो शब्दप्रयोग कळत नाही.

पोषणाच्या दृष्टीने ही हेटाळणी अगदीच अस्थानी आहे. १०० ग्रॅम तेंप्यात सुमारे १९ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. भिजवणे, शिजवणे आणि बुरशीची वाढ यांमुळे पोटात वायू धरणाऱ्या शर्करा घटतात व खनिजे धरून ठेवणारे फायटेट हे द्रव्य कमी झाल्याने लोह आणि जस्त शोषले जाणे सोपे होते. ‘ब-१२ चा शाकाहारी स्रोत’ असे मात्र ठामपणे लिहू नये : ते जीवनसत्त्व बुरशी तयार करत नाही, सोबत वाढणारे काही जिवाणू करतात, आणि त्याचे प्रमाण फार बदलते.

‘मेंदोआन’ हा तळलेल्या तेंप्याचा प्रकार लिहिताना ‘कुरकुरीत भजी’ असे भाषांतर टाळावे. जावातील बान्युमास भागाच्या बोलीत ‘मेंदो’ म्हणजे अर्धेकच्चे. पिठात बुडवलेले पातळ काप तिथे मऊ असतानाच कढईतून काढतात.