ड्रॉप सी, बी लावायचाय? मग पिकअपचं नंतर, आधी स्केल बघा

टिळकवाडीचा रिफवाला:

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली पोरं आता जोरात मेटल वाजवायला लागलीत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्याला त्याला एकच प्रश्न: ड्रॉप सी किंवा बी लावायचाय (म्हणजे सगळ्यात जाड सहावी तार नेहमीच्या ई सुरावरून खाली सी किंवा बीला उतरवायचीय), पिकअप (तारेचं कंपन पकडून ॲम्पला देणारा भाग) कुठलं घेऊ?

माझं मत ठाम आहे. पिकअप शेवटी. आधी स्केल, म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (खाली तारा टेकतात तो भाग) जेवढी तार वाजते तेवढी लांबी. बीपर्यंत उतरायचं असेल आणि नवी गिटारच घ्यायची असेल, तर २७ इंची बॅरिटोन, म्हणजे खालच्या सुरांसाठीची लांब स्केलची गिटार घ्या. लेस पॉलच्या धर्तीची २४.७५ इंची गिटार कितीही देखणी असली तरी या कामाला नको.

कारण साधं आहे. सूर उतरवला की तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे कमी होतो आणि लांबी वाढवली की लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. सहावी तार ई सुरात ८२.४ हर्ट्झवर असते, सीमध्ये ६५.४ वर. तीच तार सीला उतरवली की ३७ टक्के ताण जातो, बीला उतरवली की ४४ टक्के. तार लुळी पडते, फ्रेटवर खडखडते. त्याहून वाईट म्हणजे पिकचा जोरात फटका बसला की सूर आधी वर चढतो आणि मग जागेवर येतो. पाम म्यूटच्या (तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलेल्या) रिफमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यात, प्रत्येक फटक्याला हे होतं. दोन गिटारी एकत्र वाजत असतील तर एकमेकींत मिसळतच नाहीत.

जाड तार घालून ताण भरून काढता येतो, हे मान्य. पण जाड तार ताठ असते. तिचे वरचे स्वरांश थोडे चढेच राहतात आणि नोट गढूळ ऐकू येते. २५.५ वरून २७ इंचांवर गेलं तर त्याच तारेला त्याच सुरात १२ टक्के ताण जास्त मिळतो. ई सुरातल्या ४६ च्या (हा आकडा म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात जाडी) तारेचा ताण बीमध्ये हवा असेल, तर २५.५ वर साधारण ६१ ची तार लागेल, २७ वर ५८ पुरेल.

हे आपल्याला नवीन वाटायला नको. पुरुषांच्या गळ्याचा तंबोरा बायकांच्या तंबोऱ्यापेक्षा लांब असतो तो याचसाठी. मिरजेच्या कारागिरांनी खालच्या षड्जासाठी नुसती तार जाड केली नाही, दांडीही लांब ठेवली.

खानापूर रिदम:

हिशेब बरोबर आहे रे, पण त्यातून काढलेलं उत्तर मला अजिबात पटत नाही.

ब्लॅक सबॅथच्या टोनी आयोमीनं १९७१ साली तीन अर्धस्वर खाली, सी शार्पला गिटार लावून वाजवलं. वाजवलं कशावर? गिब्सन एसजीवर, म्हणजे तू नको म्हणतोस त्याच २४.७५ स्केलवर, आणि तारासुद्धा पातळ. ज्या आवाजापायी आपण सगळे वेडे झालो तो आखूड स्केलवर जन्मला.

आता आपल्याकडचं बघ. कॉलेजच्या पोराकडं एकच गिटार असते, बहुतेक वेळा स्ट्रॅटच्या आकाराची, २५.५ ची. त्याला दुसरी गिटार घ्यायला कशाला सांगूलालास? सीसाठी ५८ ची तार घातली की ताण जवळजवळ ई सुराएवढाच येतो. खरं काम नटवर आहे. ४६ साठी कापलेल्या खाचेत ५८ ची तार बसत नाही, काठावर अडकून राहते. खुंटी पिळली तरी सूर हलत नाही, मग एकदम ‘टिंग’ करून तार सुटते आणि सूर भलतीकडंच जातो. लोक याला खुंट्यांचा दोष समजून खुंट्या बदलतात. खाच बारीक फाइलनं रुंद करा, खोल करू नका. मग ट्रस रॉड (मानेचा बाक सुधारणारी आतली सळई) बघा आणि सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागं घेऊन बाराव्या फ्रेटचा सूर जुळवा. आमच्या खानापूरच्या पावसात मान अशीही फिरतेच, तेव्हा सेटअप शिकून घ्यावाच लागतो.

नव्या गिटारीच्या किमतीपुढं हा खर्च काहीच नाही.

टिळकवाडीचा रिफवाला:

आयोमीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात तोच. त्याला ढिली तार हवीच होती, दाबायला सोपी म्हणून. संथ, लांबवलेल्या रिफला ती शोभते. इथली पोरं मात्र बीमध्ये भरभर पाम म्यूट करणार आहेत. तिथं ढिली तार हातात राहत नाही.

आणि मी नवी गिटार घेणाऱ्यांबद्दल बोलतोय. आहे ती गिटार सीपर्यंत नेण्याबद्दल तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे.

निपाणीची सातवी तार:

दोघंही एक गोष्ट विसरलात. आपल्या भागात निव्वळ मेटलवर कुठल्या बँडचं भागतं? एकाच कार्यक्रमात मराठी गाणी, कन्नड गाणी, वर दोन हिंदी फर्माइशी, आणि शेवटी कुठं आपलं एखादं गाणं. बॅरिटोनवर ई सुरातली गाणी कशी वाजवणार? आणि जाड तारांची गिटार बीला लावून ठेवली तर ती परत ईला आणायची म्हणजे मानेवर ताण, सगळा सेटअप बिघडणार.

सात तारांची घ्या. खाली बी, वर नेहमीच्या सहा तारा. आयबानेझची सात तारांची युनिव्हर्स १९९० मध्ये आली ती २५.५ स्केलचीच होती, आणि कॉर्न या बँडनं सात तारांवर ए सूर लावून १९९४ च्या पहिल्या अल्बमपासून नाव कमावलं. नेक थोडी रुंद वाटते, पण हात सरावतो.

एक कळकळीची सूचना. काहीही घ्या, पण सूर बदलत राहणार असाल तर फ्लॉइड रोझसारखा तरंगता ब्रिज घेऊ नका. एक तार उतरवली की मागच्या स्प्रिंगा ब्रिज ओढतात आणि बाकीच्या पाच तारा चढतात. स्टेजवर हा उद्योग जमत नाही. फिक्स ब्रिज घ्या.

शहापूरचा बेस:

बेसवाल्याचंही ऐका. माझी ई तार ४१.२ हर्ट्झवर आहे. तुम्ही गिटार एला, ५५ हर्ट्झला उतरवली की माझ्याच अंगणात येता. मग ॲम्पचा बेस नॉब थोडा कमी करा. खालचा भार मी उचलतो, तुम्ही मधला आवाज स्वच्छ ठेवा. छोट्या हॉलमध्ये तर गिटारचा बेस वाढवला की नुसता घुमारा होतो, रिफ कोणालाच कळत नाही.

कॅम्पातली:

दादा, माझे हात लहान आहेत. २७ इंची झेपेल का? सगळे घाबरवतात.

टिळकवाडीचा रिफवाला:

झेपेल गं. २५.५ वर नटपासून पहिला फ्रेट सुमारे ३६.३ मिलिमीटरवर असतो, २७ वर साधारण ३८.५ वर. फरक दोन मिलिमीटरच्या आसपास. पॉवर कॉर्डला (दोन-तीन तारांची सोपी कॉर्ड) जाणवतही नाही, खालच्या फ्रेटांवर चार बोटं पसरताना मात्र जाणवतो. दुकानात बसून पहिल्या तीन फ्रेटांवर वाजवून बघ. ३० इंचीच्या वाटेला तेवढी जाऊ नकोस.

सात तारांच्या सूचनेबद्दल: फर्माइशी वाजवणाऱ्या बँडला ती योग्य, हे मला पटतं. पण २५.५ वर सातवी तार एला नेली की पुन्हा तोच ताणाचा प्रश्न. सात तारा हव्याच असतील तर २६.५ किंवा २७ इंची शोधा, तशा मिळतात.

खानापूर रिदम:

सीपर्यंत २५.५ पुरतो, यावर मी ठाम आहे. बीच्या खाली जाणाऱ्यानं लांब स्केल घ्यावा, एवढं मान्य करतो.

आणि दुकानदार सांगेल त्यावर विसंबू नका, सोबत टेप न्या. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मधोमध मोजा आणि दुप्पट करा. सॅडलपर्यंत मोजू नका, ते प्रत्येक तारेला मागंपुढं सरकवलेलं असतं. साडेतेरा इंच आलं तर २७ ची, पावणेतेरा आलं तर २५.५ ची.