मदत हवी आहे : काचेमागच्या पितळी अडकित्त्यांचे फोटो कसे काढावेत?

मंडळी, एका गावच्या छोट्या संग्रहालयातल्या वस्तूंची सचित्र नोंदवही तयार होते आहे. फ्लॅश आणि ट्रायपॉडला परवानगी नाही. कॅमेऱ्याची सेटिंग्ज : ५० मिमी लेन्स, एफ/४, आयएसओ १६००, शटर १/१०० सेकंद. शटर मुद्दाम एवढंच ठेवलंय. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/२५० वर नेलं की फोटोत पट्टे उमटतात.

संग्रहालयातले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिशिलालेख नव्हे, तर कोरीव स्मारकशिळा) सुरेख आले. खिडकीचा उजेड बाजूने तिरपा पडतो, म्हणून खालच्या चौकटीतली लढाई, वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि वरची शिवलिंगाची पूजा स्वच्छ उठून दिसते. समोरून उजेड पडला की तेच कोरीवकाम सपाट होतं.

खरी अडचण अडकित्त्यांची. लेन्सवरचा रबरी हूड (कडेचा उजेड अडवणारी कड) काचेला टेकवला की प्रतिबिंब जातं, पण मग फोटो फक्त समोरून मिळतो. घोड्याच्या आकाराची मूठ आणि पात्याचा बाक कळतच नाही. पोलरायझर (काचेवरची चमक गाळणारा, लेन्सवरचा फिल्टर) काचेशी साधारण ३५ अंशांच्या कोनातून उत्तम चालतो, मात्र दीड-दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो) उजेड खातो. शिवाय पितळेवरची चमक तशीच राहते, कारण धातूवरून परतताना उजेडाचं ध्रुवीकरण (लहरी एकाच प्रतलात कंप पावणं, पोलरायझर असाच उजेड अडवू शकतो) जवळपास होत नाही.

छोट्या एलईडी पॅनेलवरही पोलरायझिंग फिल्म लावून कोणी काचेमागचं पितळ टिपलंय का? त्यात पितळ काळपट, निर्जीव दिसतं का? फिल्म किती अंश फिरवली, तेही सांगा. की हातातच काळं कापड धरून तिरपे फोटो घेणं बरं?