शब्दचर्चा : जेल इलेक्ट्रोफोरेसिसला 'विद्युत चाळणी' म्हणावं का?

प्रश्न : बारावीच्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतेय. जेल इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे विजेच्या जोरावर जेलमधून डीएनएचे तुकडे सरकवून वेगळे करण्याची पद्धत. इलेक्ट्रोफोरेसिससाठी 'विद्युत संचारण' हा शब्द वाचला, पण त्यातून डीएनएचे तुकडे आकाराप्रमाणे वेगळे होतात हे कळत नाही. 'विद्युत चाळणी' कसा वाटतो?

प्रतिसाद : कळत नाही, कारण मूळ शब्दातही ते नाही. ग्रीक 'फोरेसिस' म्हणजे वाहून नेणं, बस्स. शास्त्रज्ञ टिसेलियस यांनी रक्तद्रवातली प्रथिनं या पद्धतीने वेगळी केली (१९४८ चं रसायनशास्त्राचं नोबेल), तेव्हा जेल नव्हतंच, नुसतं द्रावण होतं. डीएनएची गोष्ट निराळी. फॉस्फेटमुळे त्यावर ऋण भार असतो आणि लांबीच्या प्रमाणात तो वाढत जातो, पण द्रावणाचा अडथळाही तितकाच वाढतो. त्यामुळे नुसत्या द्रावणात ५०० बेसजोड्यांचा (डीएनएची लांबी यांत मोजतात) तुकडा आणि ५,००० चा तुकडा जवळपास एकाच वेगाने धनाग्राकडे जातील. वेगळं करण्याचं काम अ‍ॅगारोजची (ज्याचं जेल बनतं त्या पदार्थाची) जाळी करते. म्हणून 'जेल' हा शब्द गाळू नका.

'चाळणी' मात्र नको. चाळणीत बारीक खाली पडतं, जाडं वर राहतं. इथे सगळेच पुढे सरकतात, लहान तुकडे भराभर, मोठे रखडत. शिवाय जेल फिल्ट्रेशन या रेणू वेगळे करण्याच्या दुसऱ्या पद्धतीलाही चाळणी म्हणतात आणि तिथे मोठे रेणू आधी बाहेर येतात! मुलांचा गोंधळ ठरलेलाच.

प्रश्न : पटलं. मग वेल (जेलमधली नमुना भरायची जागा), बँड (एका लांबीच्या तुकड्यांची रेघ), लॅडर (तुलनेसाठीचे माहीत लांबीचे तुकडे) यांना काय म्हणू?

प्रतिसाद : वेलला खाच म्हणा, विहीर नको. बँडला पट्टा. लॅडर तसंच राहू द्या. प्रयोगशाळेत मराठी मुलंही 'लॅडर लोड केलं का?' असंच विचारतात. आणि डीएनए जेलमधून पळताना दिसणारी निळी रेघ डीएनएची नसते, ती नमुन्यात मिसळलेल्या ब्रोमोफिनॉल ब्लू या रंगाची, हे ठळक लिहा. डीएनए दिसतो तो इथिडियम ब्रोमाइडसारखं रंजक लावून अतिनील प्रकाशात धरल्यावर.

आणखी एक प्रतिसाद : ताई, खरी अडचण तुमच्या 'आकाराप्रमाणे' मध्येच आहे. मराठीत आकार म्हणजे घाट आणि मोठेपणा, दोन्ही. इथे हा फरक महत्त्वाचा, कारण एकाच लांबीचं प्लाझमिड (जिवाणूतलं गोल डीएनए) पीळ घातलेलं असेल तर नेहमीच्या जेलमध्ये सरळ तुकड्यापेक्षा पुढे पळतं. दोघांची लांबी तीच, घाट वेगळा. तेव्हा सरळ तुकड्यांबद्दल 'लांबीप्रमाणे' लिहा आणि 'आकार' प्लाझमिडसाठी राखून ठेवा.