सह्या आठ, हुकूम कोणाचा? – अणुऊर्जा केंद्राभोवतीचं आपत्ती नियोजन

आडवाट:
अणुऊर्जा केंद्राभोवतीचा आपत्कालीन आराखडा उघडला की सुरुवातीलाच सह्यांची रांग दिसते. केंद्र चालवणारी कंपनी, नियामक, जिल्हा प्रशासन, पोलीस, अग्निशमन, आरोग्य, हवामान, पशुसंवर्धन. कुंपणाच्या आतलं कंपनीने बघायचं, बाहेरचं प्रशासनाने. कागदावर वाटणी झकास. माझं म्हणणं एवढंच, की 'लोकांना हलवा' असं म्हणायचा अधिकार एकाच माणसाकडे हवा. बाकीच्यांनी त्याला माहिती पुरवायची. समन्वय समिती फार तर पुढच्या बैठकीची तारीख ठरवते.

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुऊर्जा केंद्राचंच घ्या. अपघात २८ मार्च १९७९ चा. ३० तारखेला सकाळी हेलिकॉप्टरने केंद्राच्या धुराड्याच्या थेट वर मोजणी केली, ताशी १२०० मिलिरेम (मिलिरेम म्हणजे किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक). तिकडे नियामकाच्या मुख्यालयात एका अधिकाऱ्याने नुकतंच गणित मांडलं होतं की वायू सुटलाच तर कुंपणाबाहेर जमिनीवर किती किरणोत्सर्ग येईल. उत्तर आलं होतं १२००. आकडे जुळले म्हणजे भीती खरी ठरली असं सगळ्यांनी धरलं, आणि लोकांना हलवण्याची शिफारस राज्याकडे गेली. यातला एक आकडा धुराड्याच्या तोंडावरचा आणि दुसरा जमिनीवरचा, हे विचारायचं काम नेमकं कोणाचंच नव्हतं. शेवटी त्या राज्याचे गव्हर्नर थॉर्नबर्ग यांनी ५ मैलांच्या आतल्या गरोदर बायका आणि शाळेत न जाणारी मुलं एवढ्यांनाच निघायला सांगितलं. ते भरले असते काही हजार. घरं सोडली सुमारे १,४०,००० लोकांनी.

रानवारा:
उदाहरण चोख, निष्कर्ष साफ अमान्य.

३० सप्टेंबर १९९९, जपानमधलं तोकाइमुरा. इंधन तयार करणाऱ्या कारखान्यात युरेनियमचं द्रावण चक्क बादलीने टाकीत ओतलं आणि अणुविखंडनाची साखळी प्रक्रिया सुरू झाली. वेळ सकाळी साडेदहाच्या सुमाराची. दुपारपर्यंत प्रांत आणि राजधानी दोन्हीकडून लोकांना हलवण्याबद्दल अवाक्षर नाही. गावाचे प्रमुख मुराकामी यांनी स्वतःच्या जबाबदारीवर ३५० मीटरच्या आतली घरं रिकामी करवली. तुमच्या पद्धतीत त्यांनी फोनपाशी बसून राहायचं होतं का?

आता पुढची गंमत बघा. या अपघातानंतर त्याच डिसेंबरात जपानने कायदा केला आणि सगळ्या यंत्रणा एका छताखाली आणणारी केंद्रं उभारली. म्हणजे तुम्ही म्हणता तेच. फुकुशिमासाठीचं असं केंद्र ओकुमात होतं, अणुऊर्जा केंद्रापासून जेमतेम ५ किमीवर. ११ मार्च २०११ च्या भूकंपात त्याची वीज गेली, संपर्क तुटला. किरणोत्सारी धूळ अडवणारे फिल्टर तर तिथे बसवलेलेच नव्हते. १५ तारखेला ते सोडून सगळ्यांना प्रांताच्या राजधानीत पळावं लागलं. सगळी अंडी एकाच टोपलीत, आणि टोपली ठेवली चुलीवर!

त्याच १५ तारखेला मिहारू नावाच्या गावाने वाऱ्याचा रोख पाहून आयोडीनच्या गोळ्या (किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइड ग्रंथी वाचवणाऱ्या) स्वतःहून वाटल्या. प्रांताने वर त्या परत गोळा करायला सांगितलं. गावाने ऐकलं नाही.

आडवाट:
मिहारूचं गाव हुशार निघालं म्हणून ती पद्धत ठरत नाही. त्याच प्रांतातल्या नामिए गावाचं काय? घरं सोडायचा आदेश त्यांना टीव्हीवरून कळला. लोक त्सुशिमा भागात गेले, आणि किरणोत्सारी ढग नेमका त्याच दिशेने सरकला. ढगाचा अंदाज सांगणारी स्पीडी नावाची संगणक प्रणाली सरकारकडे होती, तिचे नकाशे निघतही होते. ते गावाला कोणी द्यायचे यावर मात्र सगळे एकमेकांकडे बघत बसले. स्वायत्तता हवी तर तिच्या हातात नकाशा तरी द्या.

रानवारा:
अहो, मग हा मुद्दा माहितीचा झाला. हुकमाचा नाही.

शंकासुर:
दोघेही 'सगळ्यांना सहकार्य करायचंच आहे' असं धरून चाललात. एखाद्या यंत्रणेने नाहीच म्हटलं तर?

न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंड बेटावर शोरहॅमचा अणुऊर्जा प्रकल्प होता. १९८३ मध्ये तिथल्या सफोक काउंटीने सांगून टाकलं की या बेटावरून लोकांना सुरक्षित बाहेर काढणं शक्य नाही, तेव्हा आराखड्यात आम्ही सामील होणार नाही. गव्हर्नर कुओमोही त्यांच्या बाजूने. केंद्र बांधून झालं, पुढे पूर्ण क्षमतेचा परवानाही मिळाला, पण व्यापारी वीज एकदाही विकली नाही. आता याला आडमुठेपणा म्हणायचा की आराखड्यातलं सगळ्यात प्रामाणिक पान? मी दुसऱ्या मताचा. १८ मार्च २०२१ ला जपानच्या मितो न्यायालयाने तोकाइ-२ अणुभट्टी चालवायला मनाई केली, तीही याच कारणासाठी. ३० किमीच्या आत ९ लाखांवर लोक आणि १४ पैकी फक्त ५ स्थानिक संस्थांकडे स्थलांतराची योजना.

(अवांतर: सही न करणारा बैठकीत कोणालाच आवडत नाही. पण आराखडा मनापासून वाचलेला बहुधा तोच असतो.)

निळी छत्री:
एका रंगीत तालमीत मी आरोग्य पथकात होते, कुठे ते राहू दे. हवामानवाल्यांनी कळवलं, 'वारा ईशान्येचा'. म्हणजे ईशान्येकडून येणारा. पोलिसांच्या कक्षात फळ्यावर लिहिलं गेलं, 'वारा ईशान्येला'. बस ईशान्येच्या गावांना गेल्या आणि कागदावरचा ढग नैर्ऋत्येला. दोन्ही कक्षांच्या मध्ये एक भिंत होती फक्त. एका विभक्ती प्रत्ययाने अख्खा तालुका हलला!

तेव्हा हुकूम कोणाचा यापेक्षा मला वाटतं, त्या दिवशी विचारायची वेळच येऊ नये असे निर्णय आधी घेऊन ठेवावेत. आयोडीनची गोळी किरणोत्सारी आयोडीन शरीरात जाण्याच्या थोडी आधी किंवा नंतर लगेच घेतली तरच खरा उपयोग, म्हणून स्वित्झर्लंडने ५० किमीपर्यंतच्या घरांत ती आधीच पोचवली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थाही सांगते की मोठ्या भट्टीपासून ३ ते ५ किमीच्या पट्ट्यात मोजणीची वाट पाहायची नाही, भट्टीची अवस्था बिघडली की लगेच लोकांच्या बचावाला सुरुवात.

आणि 'हलवा' म्हणताना जरा जपून. फुताबा रुग्णालय आणि त्याच्या वृद्धाश्रमातले चाळीसहून जास्त रुग्ण स्थलांतराच्या धावपळीत गेले. किरणोत्सर्गाने नव्हे. तासन्‌तास बसमध्ये, सलाईन नाही, सोबत डॉक्टर नाही. त्या आठांच्या रांगेत रुग्णालयाच्या वॉर्डमधलं कोणी असतं का?

आडवाट:
वॉर्डचा मुद्दा मान्य, तिथे मी निरुत्तर आहे. पण भट्टीची अवस्था बघून सुरुवात म्हणजे पहिला शब्द कंपनीच्या रात्रपाळीच्या प्रमुखाचा. पगार कंपनीचा आणि आणीबाणीची घोषणा कंपनीला बुडवणारी. त्याच्यावर सोडायचं?

निळी छत्री:
घोषणा त्याची, भोंगा प्रशासनाचा. अमेरिकेत नियमच आहे, घोषणा केल्यापासून १५ मिनिटांत राज्य आणि स्थानिक प्रशासनाला कळवायचं.

रानवारा:
भोंगा प्रशासनाकडे म्हणजे निर्धास्त, असं नाही हं. १२ जानेवारी २०२० ला कॅनडात ऑन्टारिओभर फोन खणखणले, पिकरिंग केंद्रात घटना घडल्याचा इशारा. घडलं काहीच नव्हतं, चुकून गेला होता. चूक झाल्याचं सगळ्यांच्या फोनवर कळायला दीड तासाहून जास्त लागला. इशारा मागे घ्यायचा हुकूम कोणाचा, तेही लिहून ठेवा.

शंकासुर:
आणि ती १५ मिनिटं घोषणेपासून मोजतात, बिघाडापासून नाही. थ्री माइल आयलंडवर बिघाड पहाटे ४ ला झाला. आणीबाणी जाहीर करेपर्यंत ७ वाजत आले होते.