भाचीच्या संगोपनासाठी सरकारी अर्थसाहाय्य : नेमकी कोणती योजना लागू होते?

भांडुपची मामी

नमस्कार. माझ्या नणंदेचे आणि तिच्या यजमानांचे तीन वर्षांच्या अंतराने निधन झाले. त्यांची अकरा वर्षांची मुलगी गेल्या जूनपासून आमच्याकडे भांडुपला राहते आणि महापालिकेच्या शाळेत सहावीत शिकते. माझे यजमान सुरक्षारक्षक आहेत, मी घरी शिवणकाम करते, आमची स्वतःची दोन मुले आहेत आणि खोली भाड्याची आहे. भाचीला कुठे पाठवण्याचा विचार आमच्या मनात कधी आलेला नाही. मात्र गेल्या महिन्यात तिच्या चष्म्याचा आणि शाळेच्या सहलीचा खर्च एकदम आला, तेव्हा सहलीला कोणाला पाठवायचे आणि कोणाला नाही, हे आम्हाला ठरवावे लागले, आणि ती स्वतःहूनच ‘मला नाही जायचे’ म्हणाली. ते मला फार लागले.

शेजारच्या काकूंनी फॉस्टर केअरमध्ये महिन्याला 4000 रुपये मिळतात असे सांगितले. शाळेतल्या बाईंनी बालसंगोपन योजनेत 2250 मिळतात असे सांगितले. या दोन्ही एकच आहेत का? आम्ही नातेवाईक आहोत म्हणून अपात्र ठरतो का? सासूबाईंचे म्हणणे असे की घरच्या लेकरासाठी सरकारपुढे हात पसरू नये. त्यांना काय सांगावे, हेही कृपया कळवावे.

घाटकोपरची समाजसेविका

ताई, मी काही वर्षे बालसंरक्षणाच्या क्षेत्रात काम करते आहे. आपण विचारलेल्या प्रश्नात पुष्कळ जण अडखळतात, कारण तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात.

2015 च्या बाल न्याय अधिनियमात कलम 44 प्रतिपालकत्वाविषयी, म्हणजेच फॉस्टर केअरविषयी आहे. ज्या मुलाला स्वतःच्या घरी राहणे शक्य नाही, त्याला बाल कल्याण समिती (निराधार मुलांच्या काळजीविषयी निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) पडताळणी करून निवडलेल्या आणि त्याच्या जन्मकुटुंबाहून वेगळ्या अशा कुटुंबात लेखी आदेशाने ठेवते, आणि पुढे त्या घराची वेळोवेळी पाहणीही होते. आपली भाची नात्याने आपल्या घरी आली. समितीने तिला आपल्याकडे सोपवलेले नाही. तिच्यासारख्या मुलांचा विचार कलम 45 मध्ये, म्हणजे प्रायोजकत्वात (स्पॉन्सरशिप, म्हणजे मूल आहे त्याच कुटुंबात राहावे म्हणून दिलेली आर्थिक मदत) केलेला आहे, आणि तेथे विस्तारित कुटुंबात राहणाऱ्या अनाथ मुलांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे नातेवाईक असणे ही येथे अडचण नाही, उलट तोच आधार आहे. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेखाली प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्व या दोन्हींसाठी दरमहा 4000 रुपयेच ठरलेले असल्यामुळे काकूंची गल्लत झाली असावी.

परंतु प्रायोजकत्वाला उत्पन्नाची अट आहे: ग्रामीण भागात वर्षाला 72,000 रुपये आणि इतरत्र 96,000 रुपये. म्हणजे मुंबईत महिन्याला आठ हजार. भाड्याच्या खोलीत पाच-सहा माणसांचे कुटुंब आठ हजारांत चालते, असे ज्याला वाटते त्याने एकदा भांडुप स्टेशनबाहेर भाजी घेऊन पाहावी. ही मर्यादा मुंबईतल्या बहुसंख्य गरजू नातेवाइकांना दाराबाहेरच ठेवते, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून आपण राज्याच्या बालसंगोपन योजनेकडे वळावे. पूर्वी या योजनेत 425 रुपये मिळत, मग 1100 झाले आणि 2023 मध्ये ते 2250 करण्यात आले. भांडुप मुंबई उपनगर जिल्ह्यात येते, त्यामुळे अर्ज त्याच जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा. उत्पन्नाचा दाखला कुर्ला तहसीलमधून घ्यावा. दोघांचेही मृत्यू दाखले, शाळेचे बोनाफाईड, आधार, रेशन कार्ड आणि बँक पासबुक सोबत ठेवा. गृहभेट झाल्यावर प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जाते.

बोरिवलीची पालक

मी प्रतिपालकत्वातून नऊ वर्षांच्या एका मुलाला सांभाळते. मी अविवाहित आहे. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी एकल व्यक्तींना ही वाट मोकळी केली, म्हणून मला ते शक्य झाले. त्याच सूचनांप्रमाणे दोन वर्षांनंतर त्याला दत्तक घेण्याचा विचार करता येईल, आणि मी त्या दिवसाची वाट पाहते आहे.

ताई, दोन गोष्टी अनुभवातून सांगते. पैसे मंजूर होणे आणि हातात पडणे यांत महिने जातात, आणि नंतर ते कधी कधी एकदम जमा होतात. त्यामुळे शाळेची फी किंवा औषध या रकमेच्या भरवशावर ठेवू नका. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मी एकदा फोनवर ‘अजून हप्ता आलेला नाही’ असे कोणाला तरी सांगत होते. रात्री मुलाने मला विचारले, ‘पैसे आले नाहीत तर मला परत पाठवतील का?’ मी त्याला जवळ घेऊन सांगितले की पैसे तुझ्या वह्यापुस्तकांसाठी येतात, तू पैशांसाठी आलेला नाहीस. तरी पुढचे काही दिवस तो जेवताना दुसऱ्यांदा भात मागत नव्हता. आपल्या भाचीने सहलीला नको म्हटले, ते वाचून मला तेच आठवले. तिच्याशी आधी बोला, अर्ज नंतर भरा.

दादरचे निवृत्त शिक्षक

सासूबाईंना सांगावे की ही रक्कम मामा-मामींना नव्हे, तर मुलीला मिळते. आईवडील गेलेल्या मुलीच्या शिक्षणाला राज्याने हातभार लावावा, हा तिचा कायद्याने मानलेला हक्क आहे; तो न मागितल्यास तिचेच नुकसान होते. शक्य असल्यास तिच्या नावाने स्वतंत्र खाते उघडावे आणि चष्मा, वह्या, गणवेश यांच्या पावत्या एका पाकिटात ठेवाव्यात. पुढे तीच त्या पाहील.

एक कळकळीची विनंती: 96,000 च्या आत बसण्यासाठी उत्पन्न कमी दाखवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. खोटा दाखला उघडकीस आला, तर त्याची झळ मुलीलाच बसेल.

भांडुपची मामी

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना सरांचे उत्तर वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, पण नणंदेची कागदपत्रे असलेली जुनी ट्रंक त्यांनी स्वतः काढून दिली. वडिलांचा मृत्यू दाखला गावच्या ग्रामपंचायतीतून आणावा लागणार आहे. दीर शनिवारी जात आहेत. भाचीशी मी काल बोलले. पुढच्या वर्षीच्या सहलीला तिने जायचे आहे, हे तिने कबूल केले. अर्जासाठी फोटो लागला, तर तो नवा चष्मा लावूनच काढायचा, असे तिचे म्हणणे आहे.